काळ्या रानात लाल माती

बीदरजवळच्या कोळारमध्ये एका खताच्या कारखान्यात मी बरीच वर्षं नोकरी केली. संध्याकाळी बसमधून हळ्ळीखेडला उतरून घरात पाऊल टाकलं की आमच्या सासूबाई लांबूनच म्हणायच्या, आधी न्हाणीत जा, मग चुलीकडं ये. माझ्या अंगाला अमोनियाचा वास मारतो म्हणे. मला तो कधी आला न्हाई. रोजच्या वासाला नाक सरावतं, त्यात नाकाचा काय दोष? बसमध्ये माझ्या शेजारची जागा बहुतेक रिकामीच राहायची. मला त्याचं काई वाटायचं न्हाई, उलट पिशवी ठेवायला बरं पडायचं.

गावात सगळ्यांना वाटायचं की मी खत बनवते. आता ह्यांना कसं सांगायचं! युरिया बनवायला लई मोठे कारखाने लागतात. हवेतला नत्र धरायचा, गॅसमधून हायड्रोजन काढायचा, दोघांना दाबून, तापवून एकत्र आणायचं, ती कामं लांबच्या लोकांची. आमच्याकडं युरिया, डीएपी, लाल पोटॅश सगळं पोत्यातून तयार यायचं. आम्ही ते मापानं मिसळायचो, वाफ द्यायचो आणि मोठ्या फिरत्या पिंपात त्याचे दाणे वळायचो. दिवाळीला रव्याचे लाडू वळतात तसंच, फक्त पिंप घराएवढं. त्यात बी अक्कल लागते बरं का. युरिया आणि सुपर फॉस्फेट, दोन्ही पोती कोरडी ठणठणीत. पण मिसळून ठेवली की थोड्या वेळात चिखल. पाणी कुणी ओतलेलं नसतं. सुपरच्या दाण्यानं आपल्या पोटात पाणी धरून ठेवलेलं असतं, युरिया ते सोडवतो आणि त्यातच स्वतः विरघळतो. नवा मुकादम आला की एकदा तरी हा चिखल करायचाच, आणि फावड्यानं खरवडताना शिव्या मात्र मला घालायचा.

माझी जागा आत, लॅबमध्ये. प्रत्येक लॉटमधला मूठभर नमुना माझ्या टेबलावर यायचा. त्यातला नत्र मोजायचा म्हणजे नमुना आधी तीव्र आम्लात शिजवायचा, मग त्यात कॉस्टिक सोडा घालून अमोनिया हाकलायचा, तो दुसऱ्या आम्लात धरायचा, आणि थेंब थेंब सोडत रंग पालटेपर्यंत डोळे लावून बसायचं. एक थेंब जास्ती पडला की पुन्हा पहिल्यापासून. मी कधी चुकले न्हाई. ही फुशारकी हाय, मला कळतंय की. पण त्या कामानं मी लई शिष्ट झाले होते, आणि पुढचं सगळं त्या शिष्टपणानंच झालं, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

घरी अप्पा होते, माझे सासरे. सत्तरी कधीच ओलांडलेली, तोंडात एक दात न्हाई, कपाळावर विभूतीचे पट्टे. पहाटे लिंगपूजा झाली की टॉवेल खांद्यावर टाकून रानाकडं निघायचे ते दुपारीच परत. घरात लग्न असो की गावात मयत, रानात एक चक्कर झाल्याशिवाय ह्यांना घास गोड लागायचा न्हाई. दुसरीपर्यंत शाळा. पण मराठी, कन्नड, हैदराबादी उर्दू, तिन्ही भाषांत ऊस आणि तूर ह्यांच्यावर कितीबी वेळ बोलू शकायचे. खत मुठीनं मोजायचे. ह्या ओळीला अर्धी मूठ, त्या ओळीला पाऊण. पेरणीच्या दिवसांत लोक आमच्या ओट्यावर येऊन त्यांना विचारायचे. अप्पांनी स्वतः मात्र कधी कुणाला काई विचारलेलं मी बघितलं न्हाई. माझा नवरा ट्रॅक्टर चालवायचा, मोटर चालू-बंद करायचा आणि प्रत्येक गोष्टीला म्हणायचा, अप्पा म्हणतील तसं.

माझं आणि अप्पांचं भांडण कधी न्हाई. बोलणं बी फारसं न्हाई. मी खताची, ते बी खताचे, पण त्यांचं खत रानातलं आणि माझं काचेच्या नळीतलं. एका घरात राहून दोन्ही खतांची कधी गाठ पडली न्हाई. मला त्याचं काई वाटायचं बी न्हाई, खरं सांगते.

त्या वर्षी ओढ्याकाठच्या दोन एकरात आडसाली ऊस होता. श्रावणात लावलेला. पाऊस उघडलाच न्हाई, रान महिनाभर ओलंच राहिलं. दसऱ्याच्या आसपास उसाची शेंड्याकडची पानं पिवळी पडायला लागली, मग पांढरट. ह्याला आमच्याकडं केवडा पडला म्हणतात, केवड्याच्या पानासारखं दिसतं म्हणून. नाव किती छान! उसाला मात्र तो आजार. अप्पांनी युरिया टाकला. आमच्या सगळ्या भागाचा कायदाच हाय तो, पिवळं दिसलं की युरिया. आठ दिवसांनी ऊस जास्ती पांढरा. अप्पांनी पुन्हा टाकला. तवा नवरा माझ्याकडं आला आणि हळू आवाजात म्हणाला, अप्पांना सांगू नकोस, पण एकदा बघून तरी ये.

मी गेले आणि बांधावरूनच ओळखलं. नत्र कमी पडला तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात. कारण ऊस जुन्या पानातला नत्र काढून नव्याला देतो, आई आपल्या ताटातलं लेकराला देते तसं. लोह मात्र एकदा ज्या पानात गेलं त्या पानातून हलत न्हाई. कमी पडलं की नवीन पान उपाशी. इथं खालची पानं हिरवीगार आणि वरची पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी जेवणाच्या रिकाम्या डब्यात माती भरली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिच्यावर आम्ल टाकलं. सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. चुनखडीच चुनखडी! वरून दोनदा युरिया, वरून ओल. लोह रानात असून बी मुळाला मिळत नव्हतं, आणि आमच्या उपायानं ते अजून अवघड झालं होतं.

त्या रात्री अप्पा जेवायला बसले होते, मी वाढत होते. भाकरी वाढता वाढता मी म्हणलं, "उसाला लोखंड कमी पडलंय. युरिया बंद करा." एवढंच. अप्पांचा हात ताटात थोडा थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी आमटी आणायला आत गेले. सकाळी पहिली बस धरायची होती, मला झोपायची घाई. वाक्य बरोबर होतं, एका अक्षराची चूक न्हाई. मला वाटलं, काम झालं.

पुढचे चार-पाच दिवस मी पहाटे गेले की अंधारात परत. दारात ट्रॅक्टर नसायचा, नवऱ्याच्या कपड्यांना लाल धूळ. मी विचारलं न्हाई. विचारण्याची सवय आमच्या घरात कुणालाच नव्हती.

रविवारी रानात गेले आणि बांधावर उभी राहिले ती राहिलेच. आमचं काळंभोर रान, आणि त्यात उसाच्या ओळीओळीनं लालभडक पट्टे. अप्पांनी लाल माती आणली होती. वरच्या अंगाला, बीदरच्या बाजूला, सगळी लाल माती. तिथं त्यांच्या ओळखीच्या एका माणसाची विहीर खोदायचं काम चालू होतं. त्या विहिरीची माती अप्पांनी ट्रॉलीनं चार खेपा करून आणली, बायका लावल्या, आणि स्वतः घमेलं घेऊन ओळीत शिरले. ह्या वयात! लाल मातीत लोखंड असतं हे आमच्याकडं शेंबड्या पोराला बी माहीत. त्या मातीचा डाग धोतरावरून जन्मात जात न्हाई, तिथल्या दगडावर गंजासारखी पूड बसते. सून म्हणाली लोखंड कमी, तर लोखंडाची माती आणली. ह्यात चुकलं कुठं? आज मी म्हणते, कुठंच न्हाई. मोठ्या कॉलेजच्या पोरांना बी इतकं सरळ सुचणार न्हाई.

त्या दिवशी मात्र मला हसू फुटलं. आणि साधं न्हाई, पोट धरून. अप्पा घमेलं घेऊन उभे, पाच बायका खुरपं थांबवून माझ्याकडं बघायल्या, आणि मी म्हणलं, "अप्पा, असं असतं तर मग खिळेच पुरले असते की!"

बायका हसल्या. अप्पा हसले न्हाईत. त्यांनी घमेल्यातली माती खाली ओतली, घमेलं उपडं ठेवलं, आणि टॉवेलनं हात पुसत घराकडं निघाले.

आमचं गाव मोठं हाय, पण गोष्ट पसरायला फार वेळ घेत न्हाई. संध्याकाळपर्यंत चहाच्या हॉटेलात खिळ्यांचीच चर्चा. कुणीतरी त्या लाल पट्ट्यांचा फोटो काढून मोबाईलच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, बीदरचा लाल दगडी किल्ला आता आमच्या गावात बांधायलेत. दुसऱ्या दिवशी अप्पा चौकात गेले, तर ज्यानं वर्षानुवर्षं त्यांना विचारून तूर पेरली त्यानंच विचारलं, अप्पा, किती किलो खिळे पुरलाव? अप्पा चहा न पिता परत आले. मोटरच्या पेटीची किल्ली कमरेच्या करदोट्यातून सोडून नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. आणि ओसरीतल्या बाजेवर आडवे झाले.

एक दिवस झाला, दोन झाले. आम्हाला वाटलं, राग हाय, उतरेल. आठवडा झाला तरी अप्पा रानाकडं गेले न्हाईत. पूजा करायचे, दोन घास खायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला आधी रागच आला. असं काय मी मोठं पाप केलं? हसले, बस्स. कारखान्यात मला मुकादम आईबापावरून बोलतो, मी काय बाजेवर पडते? मी ठरवलं, आता करूनच दाखवते.

हिराकस आणली. हिराकस म्हणजे लोहाचंच एक मीठ, हिरवट खडे, पाण्यात चटकन विरघळणारे. पण आमच्या बोअरच्या पाण्यात बी चुना. नुसती हिराकस टाकली की थोड्या वेळानं तळाशी गंजाचा गाळ. म्हणून आधी पाण्यात लिंबूसत्व घातलं. त्याचं आंबट लोहाला धरून ठेवतं, गंजू देत न्हाई. चिमूटभर युरिया टाकला, पान नीट पितं म्हणून. नवऱ्यानं पाठीवर पंप घेऊन सकाळच्या उन्हात सगळा पिवळा ऊस फवारला. उकिरड्याचं खत न्हाई, माती न्हाई, काई न्हाई. आठ-दहा दिवसांत पानं हिरवी! आता लोक आमच्या ओट्यावर पुन्हा यायला लागले, पण हातात पिवळं पान घेऊन, आणि अप्पांना ओलांडून माझ्याकडं. अप्पा बाजेवर पडून ऐकायचे. मला त्या दिवसांत किती बरं वाटायचं हे आज सांगायला लाज वाटते.

मी जाऊन सांगितलं, अप्पा, ऊस हिरवा झाला. ते म्हणाले, बरं झालं. आणि कूस बदलली.

त्याच आठवड्यात सासूबाई चुलीपुढं बसून माझ्याशी बोलल्या. ही बाई माझ्याशी आंघोळीशिवाय दुसऱ्या विषयावर क्वचित बोलायची. म्हणाल्या, ह्यांच्या वडिलांनी असंच एक दिवस रान सोडलं. कशावरून ते आता कुणाला आठवत न्हाई. रानाकडं पाठ फिरवली आणि चार महिन्यांत गेले. आजार न्हाई, काई न्हाई. "हे माणूस रानावर जगतंय बाई," त्या म्हणाल्या. "रान सुटलं की राहत न्हाई. तू त्यांना परत रानात ने. कसं ते मला माहीत न्हाई. हसली तू हाईस, न्यायचं बी तूच."

तेव्हा मात्र मी अप्पांचे दंड बघितले, सैल पडले होते. पायाची भेग, जी कधी मातीशिवाय दिसली नव्हती, ती धुतलेली स्वच्छ. मला रडायला येईना आणि माफी मागायला जीभ वळेना. दोनदा बाजेपर्यंत गेले आणि चहा ठेवून परत आले. रंग पालटल्या क्षणी थेंब थांबवणारी मी, माझ्याच सासऱ्यापुढं उभं राहून एक वाक्य मला बोलता येईना.

इकडं उसानं मला तोंडघशी पाडलं. नवी पानं पुन्हा पिवळी यायला लागली. मला हे कळायला पाहिजे होतं. फवारलेलं लोह त्या पानातच राहतं, पुढच्या पानाचं काय? दर पंधरा दिवसांनी जन्मभर फवारायचं का? आणि ऊस वाढला की आत पंप घेऊन शिरणार कोण? रान होतं तसंच, चुना होता तसाच. पण एक गोष्ट मला सुट्टीच्या दिवशी ओळीतून फिरताना दिसली. ओढ्याच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, आठ-दहा ओळींचा एक तुकडा कधीच पिवळा पडला नव्हता. तिथं लाल माती पडली नव्हती, आणि हिरवाच म्हणून नवऱ्यानं तिथं फवारलं बी नव्हतं. बेणं तेच, पाणी तेच, युरिया तेवढाच. मी तिथली माती डब्यात भरून लॅबला नेली. आम्ल टाकलं, तशीच फसफसली. चुना तेवढाच. मग हिरवा कामून? आमच्या लॅबच्या मोठ्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, एवढा तुकडा हिरवा हाय तर खुशाल राहू द्या, मॅडम. पण मला राहवेना.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्या भागातला सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी गावात कुत्रं बी सापडत न्हाई, सगळे आपापल्या रानात जेवायला. सगळ्या भाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर, मडकंभर आंबील. दुपारची जेवणं झाली की घरातला मोठा माणूस आंबिलीचं मडकं घेऊन पिकाभोवती फिरतो आणि पळसाच्या पानानं ती शिंपडतो. आमच्या घरात हे काम अप्पांचं. त्या दिवशी सकाळी अप्पा नवऱ्याला म्हणाले, यंदा तू शिंपड. सासूबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि टोपली डोक्यावर घेऊन नवऱ्याबरोबर पुढं निघाल्या. आंबिलीचं मडकं त्यांनी जाणूनबुजून चुलीपाशी ठेवलं होतं. मडकं, मी आणि अप्पा, तिघंच घरात.

मी बाजेजवळ खाली बसले. माफीचं वाक्य घोकून ठेवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हणलं, "अप्पा, खालच्या कोपऱ्यातला ऊस एकदा बी पिवळा पडला न्हाई. मातीत चुना तेवढाच हाय. मी दोनदा बघितलं. मला कळंना, तिथं काय हाय?"

अप्पा भिंतीकडं तोंड करून पडलेले. वाटलं, झोपलेत. मग भिंतीकडंच बघत म्हणाले, "वड्याच्या अंगाला का?"

"व्हय."

"चिंचेच्या खोडापसून वर किती वळी?"

"आठ-दहा असतील."

ते उठून बसले. म्हणाले, तिथं आमच्या वडिलांचा उकिरडा होता. बैलांचा गोठा तवा रानातच. वीस-पंचवीस वर्षं शेण तिथं पडलं, मग गोठा मोडून रानात घेतला. "मी दुसरीतून शाळा सोडली ते त्याच उकिरड्यावर शेण टाकायला," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. शेण! कुजलेल्या शेणात जी काळी आम्लं असतात ती लोहाला आपल्या कुशीत धरतात, चुन्याच्या हाती लागू देत न्हाईत. हे मी परीक्षेत दोन पानं लिहून आले होते. मार्क बी मिळाले होते. रान समोर असून मला सुचलं न्हाई, कारण उकिरडा कुठं होता हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. मी हे सगळं तिथंच बसून भडाभडा बोलले. आणि त्याच ओघात म्हणून टाकलं, "अप्पा, मी हसले ते चुकलंच माझं. आणि अर्धंच सांगून आत गेले, ते त्याहून चुकलं."

अप्पांनी खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला, चपला घातल्या आणि म्हणाले, मडकं घे. मी मडकं घेतलं. दीड महिन्यानं ते दारातून बाहेर पडले आणि मी मागून बघत होते की पाय लटपटतात का. लटपटत होते. हात धरावा वाटलं, धरला न्हाई.

वाटेत त्यांनी विचारलं. पहिल्यांदा विचारलं. म्हणाले, मला एक सांग, लाल मातीत लोखंड हाय की न्हाई? मी म्हणलं, हाय, लई हाय. मग आपल्या काळ्यात? काळ्यात बी हाय अप्पा, उसाला दहा पिढ्या पुरंल इतकं. ते थांबले. मग कमी कसं म्हणलीस? मी सांगितलं, हाय, पण गंजाच्या रूपात हाय, घट्ट. मूळ पाण्यात विरघळलेलंच घेऊ शकतं. मूळ स्वतः थोडं आंबट सोडून ते विरघळवायला बघतं, पण आपल्या रानातला चुना ते आंबट मारून टाकतो. लाल माती आणून टाकली म्हणजे अजून घट्ट लोखंड आणलं, सोडवणारं न्हाई आणलं.

अप्पा पुन्हा चालायला लागले आणि म्हणाले, "म्हंजे माझ्यासारखंच झालं की. ताटात शेंगदाणे हाईत, तोंडात दात न्हाईत."

"व्हय अप्पा. तसंच."

"मग ताटात अजून दाणे वाढून काय उपेग? कूट करून द्यायला पायजे."

मी उभी राहिले तिथंच. इतकी वर्षं त्या विषयाची मोठमोठी पुस्तकं वाचली, कुणी असं सांगितलं न्हाई. हिराकस शेणात मुरवायची, महिनाभर ओली ठेवायची, मग ओळीला द्यायची. तेच ते कूट. अप्पांनी रानात पोचायच्या आत हिशेब बी लावला, कुठल्या खड्ड्यात मुरवायचं, कुणाच्या गोठ्यातलं शेण आणायचं, पाणी किती दिवस तोडायचं. ऊस बघितल्यावर आधी नवऱ्याला झापलं की एवढं पाणी कामून देतोस, रान काय म्हशीला बसायला केलंस का. नवरा मान खाली घालून हसत होता. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याला काय करायचं ते सांगत होतं.

दुपारी जेवणं झाली. सासूबाईंनी अप्पांना उंडे चुरून, त्यावर भज्जी ओतून वाढली. त्यांनी दोनदा मागून घेतली. सासूबाईंनी खिरीची वाटी माझ्याकडं सरकवली.

मग अप्पांनी मडकं खांद्यावर घेतलं, मी पळसाची पानं घेऊन मागं मागं. उसाच्या कडेनं आंबील शिंपडत आम्ही खालच्या कोपऱ्यापर्यंत आलो. तिथं ते दम खायला टेकले. हिरव्या उसाचं एक पान त्यांनी बोटांत धरलं, उलटून बघितलं, सोडलं.

"एक इचारू का?" ते म्हणाले.

"विचारा की अप्पा."

"त्या रातीला मी जेवत होतो. तू म्हणलीस लोखंड कमी हाय. तवाच मी इचारलो असतो, बाई, म्हंजे काय, कसं घालायचं लोखंड, तर तू बसून सांगितली असतीस का?"

खोटं बोलणं सोपं होतं. व्हय अप्पा, सांगितलं असतं की, म्हणून मोकळं होता आलं असतं. सणाचा दिवस होता, माणूस दीड महिन्यानं रानात आलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ती रात्र उभी राहिली. भाकरी वाढणारा माझाच हात, आणि आत वळलेली माझीच पाठ.

"न्हाई अप्पा," मी म्हणलं. "तुम्हाला न्हाई कळायचं, असं म्हणले असते."

अप्पांनी मान हलवली. रागानं न्हाई. पाऊस येणार का असं विचारल्यावर आभाळ बघून हलवायचे, तशी.

"व्हय," ते म्हणाले. "म्हणूनच इचारलो न्हाई."

आणि मडकं उचलून पुढच्या ओळीकडं निघाले.